‘उद्या’ म्हणायचं राहून गेलं

निहार, तो मोबाईल पालथा ठेव बघू. खालून उजेड पडला की तुझं तोंड भलतंच दिसतं, आणि सांगणाराच घाबरला तर गोष्ट पुढे कोण नेणार? गौरजा, तू पायरीवरून उठून आत ये. का ते विचारू नको. मुंग्या आहेत, दुसरं काही नाही.

“मामा, खरी सांगणार की तुमची?” निहारनं विचारलं.

माझी म्हणजे खोटी, असा या भाच्याचा हिशेब. गेल्या खेपेला मी त्याला माडावर चढलेल्या सुसरीची हकिगत सांगितली, तेव्हापासून बाबलीमामाच्या शब्दाला घरात किंमत राहिलेली नाही. बरं, सुसर सोडून द्या. सुसर मी घातली होती. ही गोष्ट माझी नाही, सुगंधाकाकीच्या ओमकारची आहे. त्यानंच मला सांगितली, आणि काकीच्या देखत सांगितली. ती सुपात तांदूळ पाखडत होती. मी नुसता नमस्कार घातला तरी ‘खोटां बोलतंस’ म्हणणारी ती बाई, पण त्या दिवशी शेवटपर्यंत तोंडातून चकार शब्द काढला नाही. आता तुमचं तुम्ही ठरवा.

कट्ट्याच्या बाजाराहून आमच्या गावाकडे वळलात की एस.टी.चा थांबा लागतो आणि थांब्याला लागूनच सिमेंटचा एक चौथरा. येताना बघितला असेल तुम्ही. काळ्या दगडावर नाव आहे, शहीद परशुराम परब. हा सुगंधाकाकीचा नवरा, ओमकारचा सख्खा काका. वर काश्मिरात कुठल्याशा चौकीवर होता. एका रात्री बर्फाचा कडा सुटला आणि चौकीतली माणसं गेली. ओमकार तेव्हा जेमतेम पाय टाकायला शिकला होता. पुढे त्याची आई वारली, बाप गोव्यात हॉटेलात कामाला, म्हणून पोर काकीनंच वाढवलं.

पंधरा ऑगस्टला, सव्वीस जानेवारीला शाळेची पोरं येऊन चौथऱ्याला हार घालतात. गुरुजी भाषण करतात, सरपंच टोपी चढवून उभे राहतात. काकी तिकडे फिरकत नाही. लोकांना वाटतं, रडू आवरायचं नाही म्हणून. तसं नव्हे. परशुरामची पेटी घेऊन जे साहेब आले होते, ते चहा पिता पिता बोलून गेले, “बाकी सगळे एका जागी सापडले. हे मात्र लांब होते, एकटेच.” साहेब गेले, पेटी स्मशानात गेली, ते ‘एकटेच’ तेवढं काकीच्या घरात राहिलं. माणूस जाताना जवळ कोणी तरी हवं की नको? तोंडात पाणी घालायला, निदान नावानं हाक मारायला? नवरा गेला हे तिनं गिळलं. एकटा गेला, हे घशाखाली उतरलं नाही.

अशा घरातून ओमकार फौजेच्या भरतीला उभा राहिला आणि निवडला गेला. हजर व्हायचं बोलावणं आलं ते नेमकं पितृपक्षात. त्यानं काकीला विचारलं, “जाव मां गो?”

काकी हो म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. “तेंचो म्हाळ होवंदे. मगे सांगतंय.”

पोरगाही असा की तिनं तोंडानं ‘जा’ म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. त्यामुळे नुसती तळमळ. रात्री अंथरुणात कूस बदलायचा, पहाटे रस्त्यानं पळायचा, दिवसभर या पायावरून त्या पायावर. काकीच्या हातातून एक वाटी पडली तरी दचकून तिच्या तोंडाकडे बघायचा, आता काही बोलेल म्हणून.

“म्हाळ म्हणजे श्राद्धच ना?” गौरजानं विचारलं.

श्राद्धच, पण आमच्याकडे त्यात जेवण मोठं. मेलेल्याच्या नावानं पान मांडायचं आणि त्या पानावर एक जिवंत माणूस बसवायचा. तो जेवला की मेलेला जेवला. आणि जी माणसं लढाईत, अपघातात, घातानं गेली त्यांचा म्हाळ घातचतुर्दशीला, सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी. परशुरामच्या पानावर दर वर्षी दाजी बसायचा. दाजी म्हणजे फौजेतून हवालदार होऊन परत आलेला म्हातारा, घरी एकटाच. रोज दिवेलागणीला थांब्याच्या बाकावर येऊन बसतो. पाठ अजून काठीसारखी, छाती मात्र दम्यानं खाल्लेली. खोकल्याशिवाय त्याचं एक वाक्य पुरं होत नाही.

या जेवणाचं आमंत्रण आदल्या दिवशी द्यायचं, आणि ते द्यायला रीत आहे. दिवस तोंडानं सांगायचा. ‘उद्या दुपारी आमच्याकडे जेवायला या.’ नुसतं ‘जेवायला या’ लग्नामुंजीला चालेल, म्हाळाला नाही. का नाही, ते ओमकारचं ऐकेपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं.

तर गेल्या वर्षीची गोष्ट. भाद्रपद वद्य त्रयोदशी, रात्र. काकीनं ओमकारला कट्ट्याला सामानाला धाडलं होतं. काळे वाटाणे, गूळ, थोडं सुकं खोबरं. निघताना सांगितलं, “येताना दाजीक आमंत्रण दी. नीट सांग हां.”

बाजार झाला, पण शेवटची गाडी आली ती रडतखडत. थांब्यावर ओमकार एकटाच उतरला. गाडीचे दिवे वळणावर गेले आणि काळोख झाला, कारण गावातली लाईट गेलेली. डोळे सरावले तेव्हा त्याला दिसलं, बाकावर कोणी तरी बसलं आहे. पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर.

“दाजीनू, बरां झालां हंयच गावलास. माजी खेप वाचली.”

बाकावरचा माणूस काही बोलला नाही. दाजी तसाही मोजकंच बोलतो. ओमकार पिशवी मांडीवर घेऊन शेजारी टेकला. उकाडा असा की सदरा पाठीला चिकटलेला, पण बाक गार होतं. त्याला बरं वाटलं.

“काकी अजून काय बोलणा नाय,” तो म्हणाला. “म्हाळ झाल्याशिवाय बोलाची नाय म्हणता. तुमी तरी तिका समजवा. तुमचा आयकता ती.”

गप्प.

मग आवाज आला. घोगरा, हळू… बऱ्याच दिवसांत कोणाशी न बोललेल्या माणसासारखा.

“कित्याक जातंस?”

ओमकारनं छाती काढली. “देशासाठी.”

शाळेत भाषणाला उभा राहिला की तो हेच म्हणायचा आणि टाळ्या पडायच्या. इथे काही पडलं नाही. जरा वेळानं तो स्वतःच ओशाळला.

“नायतर हंय रवान काय करू? बापाशीसारखी हाटेलात ताटां धुवू? थंय पगार तरी बरो आसा.”

काळोखात मान वळल्यासारखी वाटली. माणूस आपल्याकडे बघतो आहे हे कळत होतं, डोळे दिसत नव्हते.

“तां नाय. खरां सांग.”

आता खरं कारण त्या पोरानं तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं. मैदानावर पळणाऱ्या दोस्तांना नाही, काकीला तर नाहीच. पण काळोखात शेजारी बसलेल्याला माणूस सांगून टाकतो.

“माका थंय जावन बघूचा आसा,” ओमकार म्हणाला. “काको खंय निजा, कोणाबरोबर जेवी, तेका थंय काय म्हणान हाक मारीत. तो सायब ‘एकटेच’ म्हणालो आणि गेलो. तेका काय म्हायती? घरचो कोण तरी माणूस थंय जावक होयो. काय तां समजान घेवन काकीक येवन सांगाक होयां, नायतर ती अशीच बसतली. ह्या चौथऱ्याक वर्षाक दोनदा हार घालतत, पण तेच्याबद्दल कोणाक काय म्हायती आसा? माका तर तेचो आवाजसुद्धा म्हायती नाय.”

रातकिडे ओरडत होते. मग त्याच्या लक्षात आलं, ते रस्त्यापलीकडचे. अलीकडचे गप्प होते.

त्याला एकदम घरी जावंसं वाटलं. का ते कळेना. पिशवी उचलली, उभा राहिला आणि घाईघाईत म्हणाला, “चलतंय मी. जेवक येवा हां. काकीन सांगितल्यान.”

“येतंय,” आवाज आला.

थांब्यापासून घरापर्यंत मळ्यातून बांधावरची वाट आहे. दोन्ही बाजूंना भात उभं. ओमकारनं मोबाईलची बत्ती लावली, परत विझवली, परत लावली. बत्ती असली की पुढचं दिसायचं आणि मागचा काळोख जास्त वाटायचा. पायांना पळायची सवय, पण पळावंसं वाटेना. पळालो तर मागूनही कोणी पळेल, असं उगाच मनात आलं. बाकावरच्या माणसाच्या बाजूचा दंड अजून गार होता. चोळला, तरी गार. आणि काहीतरी राहून गेलं होतं. काहीतरी चुकीचं… पायात काटा मोडावा तसं प्रत्येक पावलाला टोचत होतं, सापडत नव्हतं. वाण्याच्या घराशी रोज भुंकणारी दोन कुत्री आज शेपट्या आत घेऊन भिंतीला चिकटली होती. ती ओमकारकडे बघतच नव्हती. त्याच्या मागे बघत होती.

त्यानं मागे बघितलं नाही.

घरी काकी कंदिलापाशी वाटाणे भिजवायला पातेलं घेऊन बसली होती. “गावलो दाजी?”

“गावलो. थांब्यार बसललो.”

“काय म्हणालो?”

“येतंय म्हणालो.”

तेवढ्यात काकीचा फोन वाजला. तिला कानाला लावून नीट ऐकू येत नाही, म्हणून ती स्पीकर लावते. पलीकडून आधी खोकला आला. बराच वेळ नुसता खोकला. आणि तो खोकला ऐकून ओमकारला सापडलं, वाटभर काय टोचत होतं ते.

“सुगंधा,” दाजीचा आवाज, “मी इन्सुलीक आसंय, माज्या लेकीकडे, विनीताकडे. सकाळीच इल्लंय, नातवाक ताप इललो. तू कोणाक धाडू नको आमंत्रणाक. उद्या पयल्या गाडयेन येतंय, पानार वेळेर बसतंय.”

काकीनं फोन खाली ठेवला. ओमकारकडे बघितलं. कंदील मोठा केला आणि परत बघितलं.

“तू कोणाक सांगितलंस रे?”

ओमकारनं हातातली पिशवी खाली ठेवली.

“काय सांगितलंस? तोंडान कसां म्हटलंस, तसां सांग.”

“जेवक येवा… म्हटलंय.”

“उद्या म्हटलंस?”

…

“ओमकार, उद्या म्हटलंस रे?”

त्यानं मान हलवली. नाही.

काकी उठून भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली. बोट ठेवून वाचलं. चतुर्दशी दुसऱ्या दिवशी खरी, पण तिथी लागत होती त्याच रात्री. लागून गेली होती.

“जेच्या पानाचां आमंत्रण,” ती हळू म्हणाली, “तेकाच दिलंस तू.”

ओमकार दाराकडे धावला. “दार लावतंय मी.”

“बोलावलल्या माणसाक?”

असं म्हणाली बघा ती. ओरडली नाही, रडली नाही. चूल पेटवली. म्हाळाचं काहीच शिजलं नव्हतं, वाटाणे अजून पिशवीत. तिनं उकडा भात घातला, डाळ घातली. उद्यासाठी आणून ठेवलेल्या केळीच्या पानांतलं एक पान काढलं, पुसलं, पडवीत मांडलं. भात वाढला, वर डाळ, बाजूला लोणच्याची फोड आणि गुळाचा खडा. पानाशेजारी पाण्याचा तांब्या. मग पदर डोक्यावरून घेतला आणि काळोखाकडे बघून म्हणाली, “आसा तां वाढलंय. गोड मानून घेवा.”

कंदील विझवला. दोघं आतल्या खोलीत दाराकडे पाठ करून बसली. पान मांडलं की वळून बघायचं नसतं.

निहार, तू कशाला मागे बघतोस? तुझ्यामागे भिंत आहे.

बराच वेळ काही नाही.

मग बेडं वाजलं. अंगणाच्या तोंडाशी आडवे बांबू घातलेले असतात ना, ते. एक बांबू सरकला.

पावलं वाजली नाहीत.

तांब्यातलं पाणी. हातावर ओतल्यासारखं.

मग पान. भातात हात फिरला की खाली पान करकरतं… तसं.

ओमकार उठायला गेला. काकीनं त्याचं मनगट धरलं. पकड सुटली नाही.

“पोरगो थंय जावचो म्हणता,” काकी भिंतीकडे बघून बोलली. “तुमी गेलास थंय.”

पान करकरलं.

“मी अजून काय सांगितलंय नाय तेका. सांगूक जीभ उचलणा नाय.”

करकर…

“माका एकच सांगा.” ओमकारला तिचा श्वास ऐकू येत होता. “तुमी… थंय… एकटेच होतास?”

आवाज थांबला.

काकी वाट बघत राहिली. ओमकारही.

अंगणात बेडं पुन्हा वाजलं. बांबू सरकला. गेला… असं दोघांनाही वाटलं. काकीनं मनगट सोडलं. तिचे खांदे खाली पडले. काही न सांगता गेला, आणि आता कधी सांगायचा?

आणि पान परत करकरलं.

माणूस पानावरच होता.

मग बेडं कोणी सरकवलं?

दोघांपैकी कोणी हललं नाही. कोंबडा आरवला तरी हललं नाही. दाराच्या फटीतून उजेड आला तेव्हा काकी गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि बाहेर गेली. ओमकार मागोमाग.

केळीचं पान लख्ख. एक शीत नाही.

आणि त्याच्या शेजारी दुसरं पान होतं. अगदी जवळ, दोन माणसं मांडीला मांडी लावून बसतात तितकं जवळ. केळीचं नव्हे. पत्रावळ, गोल, काड्यांनी शिवलेली. तिच्यावरही काकीच्याच भाताची चार शितं, डाळीत भिजलेली. लोणच्याची फोड अर्धी करून अर्धी या पानावर ठेवलेली.

“काकी, तू पानां किती मांडललंस?”

“एक.”

काकी त्या दोन पानांसमोर उकिडवी बसली. किती वेळ, ते ओमकारला सांगता येत नाही. सूर्य पडवीत आला. तिनं बोटानं आधी केळीच्या पानाची कड शिवली, मग पत्रावळीची.

“वांगडा सोबती घेवन इले,” ती म्हणाली. “कोण तरी होतो तेंच्या वांगडा. एकटे नाय होते रे ते.”

मग डोळे पुसले, पदरानं नाक पुसलं आणि रोजच्या आवाजात म्हणाली, “बॅग भर जा. आणि गरम काय तरी आंगात घालूक घी, थंय थंडी आसता.”

ओमकार गेला. आता वर कुठे तरी आहे, नेमकं कुठे ते तो सांगत नाही आणि काकी विचारत नाही. यंदाच्या म्हाळाला तिनं परशुरामशेजारी आणखी एक पान मांडलं. त्यावर बसायला मला बोलावलं होतं. नाव घ्यायची वेळ आली तेव्हा भटजी थांबले, “ह्या पानाचां नाव?” काकी म्हणाली, “नाव म्हायती नाय. वाडप थांबवू नकात.” मी जेवलो. आयुष्यात पहिल्यांदा एका पानावर बसून मी एकही थाप मारली नाही.

“पत्रावळ कोणी तरी बाजारातून आणून टाकली असेल,” निहार म्हणाला. आवाज मात्र बारीक. “मांजर, कुत्रं, काहीही ओढत आणतं.”

मीही तेच म्हणालो होतो. त्या सकाळी दाजी इन्सुलीहून आला तेव्हा मी त्याच्याबरोबरच परबांच्या पडवीत गेलो होतो, म्हणून ती मी हातात घेऊन बघितली. माझ्याकडे बघू नको असा, सुसर वेगळी आणि हे वेगळं. फणसाची पानं मला कळतात, पळसाची कळतात, कुड्याची कळतात. ही त्यातली नव्हती. रुंद, जाड, टोकाला निमुळती, शिरा उठून आलेल्या. दाजीनं आयुष्यभर देशभरच्या पोरांबरोबर पंगती केलेल्या. त्यानं पत्रावळ उलटी केली, वास घेतला, खाली ठेवली. “हंयची न्हय,” एवढंच बोलला, आणि खोकत बाहेर जाऊन उभा राहिला.

मी परत उचलली. काड्या चाकूनं तासलेल्या, टाके कोणा सरावाच्या हाताचे. आणि पानं हिरवीगार. जिथून तोडली होती तिथे, देठांच्या टोकांना, चीक अजून सुकला नव्हता.